घरातील इंटरनेट : वेग नेमका कुठे अडतो?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या एका नव्या टॉवरमध्ये राहतो. फायबरचा 200 एमबीपीएसचा प्लॅन आहे. हॉलमध्ये सर्व काही सुरळीत चालते. मात्र आतल्या बेडरूममध्ये, जिथे मुलगी बारावीचे ऑनलाइन वर्ग करते आणि दुपारनंतर मी ऑफिसचे काम करते, तिथे वेग दहा-बारापर्यंत उतरतो आणि व्हिडिओ अडकत राहतो. तक्रार केली की कंपनीचा माणूस हॉलमध्ये उभा राहून मोबाइलवर आकडा दाखवतो आणि ‘लाइन ओके आहे, मॅडम’ म्हणून निघून जातो. दुकानदार सहा अँटेनांचा महागडा राउटर घ्या म्हणतो. घ्यावा का?
एक वाचिका, ठाणे (पश्चिम)

उत्तर : इतक्यात घेऊ नका. राउटर बदलण्याआधी वेग नेमका कुठे कमी होतो हे ठरवले पाहिजे, आणि ते ठरवण्याची खात्रीची पद्धत एकच आहे : कंपनीने बसवलेल्या डब्याला लॅन केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजणे. हल्लीच्या अनेक लॅपटॉपना लॅनचे पोर्ट नसते. त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचा गिगाबिट (1000 एमबीपीएसपर्यंतचा) अॅडाप्टर मिळतो. मोजताना घरातील बाकीचे मोबाइल आणि टीव्ही वाय-फायवरून काढून ठेवावेत, आणि एकदा सकाळी व एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास मोजावे. केबलवर दोन्ही वेळा आकडा 200च्या आसपास आला, तर लाइन चांगली आहे, कंपनीच्या माणसाचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे आणि अडचण घरातल्या वाय-फायची आहे.

केबलवरचा आकडा मात्र 93 ते 95च्या दरम्यान येऊन दर वेळी तिथेच थांबत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. याचा अर्थ वाटेत कुठेतरी 100 एमबीपीएसची जोडणी आहे. काही स्वस्त राउटरांची पोर्टे मुळातच 100ची असतात. अशा राउटरवर 200चा प्लॅन घेणे म्हणजे दरमहा निम्मे पैसे वाया घालवणे होय. पोर्ट गिगाबिट असूनही हाच आकडा येत असेल, तर संशय केबलवर घ्यावा. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 100 एमबीपीएससाठी त्यांपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटसाठी चारही लागतात. टोकाला प्लग दाबून बसवताना (क्रिम्प करताना) एखादी तार नीट बसली नाही, किंवा केबल दारात चेपून एक तार तुटली, तर जोडणी गुपचूप 100वर उतरते. दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालू असते, त्यामुळे महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. कॅट 5ई प्रतीची चांगली केबल घेतली की हा दोष थोडक्यात मिटतो.

आपल्या वर्णनावरून मात्र कारण बहुधा भिंतींमध्ये असावे. घोडबंदर रस्त्यावरील अनेक नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे त्यांच्या खोल्यांमधल्या भिंतीही विटांच्या नसून अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात आणि आत सळयांची जाळी असते. नौपाड्यातील जुन्या इमारतीत विटांची एखादी भिंत वाय-फाय बऱ्यापैकी पार करते. राउटर सहसा 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वाय-फाय देतो. मायवानच्या दोन भिंतींपलीकडे 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ संपतो आणि मोबाइल आपोआप 2.4 गिगाहर्ट्झवर जातो. ही लहर भिंतीतून अधिक चांगली जाते, परंतु तिच्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच आहेत : 1, 6 आणि 11. वर, खाली आणि शेजारी राहणाऱ्या साऱ्यांचे राउटर याच तीन चॅनेलांवर बोलत असतात, शिवाय मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही तिथेच. आपले दहा-बारा एमबीपीएस यातूनच येत असावेत. खात्री करायची असल्यास राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही लहरींना वेगवेगळी नावे द्या आणि बेडरूममध्ये दोन्हींवर आलटून पालटून वेग मोजा.

आता अँटेनांविषयी. राउटर किती शक्तीने सिग्नल सोडू शकतो याला नियमांची मर्यादा आहे, आणि वाय-फाय हे दोन्ही बाजूंचे संभाषण आहे : राउटरचा आवाज आतपर्यंत पोहोचला, तरी मोबाइलच्या लहानशा अँटेनाचे उत्तर भिंती ओलांडून परत यावे लागते. सहा अँटेना त्याबाबत फारसे काही करू शकत नाहीत. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचेही तसेच. ‘एएक्स 1800’ म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झवरचे 574 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 1201 यांची गोळाबेरीज. मोबाइल एका वेळी सहसा यांतील एकाच लहरीवर असतो आणि हे आकडे कागदावरची कमाल मर्यादा असतात. हा हिशेब दुकानात कोणी समजावून सांगत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यापायी लोक गरज नसताना हजारो रुपये खर्च करतात.

आपण पुढीलप्रमाणे करावे. पहिली गोष्ट, डबा कुठे बसवला आहे ते पाहा. फायबर मुख्य दाराजवळून आत येते, म्हणून तंत्रज्ञ डबा तिथेच, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे फर्निचरमध्ये कोंबून जातात. तो पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर आणता आला, तर पुष्कळदा खर्चच वाचतो. फायबर मात्र स्वतः ओढू नका. ती तीव्र कोनात वाकली की प्रकाश गळतो आणि सिग्नल क्षीण होतो. जागा बदलून भागले नाही, तर मुख्य राउटर तसाच ठेवून बेडरूममध्ये दुसरा घ्यावा, टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत टाकलेल्या पाइपमधून लॅन केबल ओढून तो जोडावा आणि अॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे केबलवरून आलेले इंटरनेट फक्त वाय-फायवर देण्यापुरता, चालवावा. पाइप बंद असेल तर स्कर्टिंगच्या कडेने केबल न्यावी. थोडी दिसेल, पण काम चोख होईल. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर टाळावा, कारण तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. केबल अजिबात शक्य नसेल तरच मेश संच, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पसरवणारे दोन-तीन नग, घ्यावा, आणि त्याचा दुसरा नग बेडरूमच्या आत न ठेवता, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून चांगला मिळतो अशा मधल्या जागी ठेवावा.

राउटर निवडताना वाय-फाय 6 (वाय-फायची सहावी पिढी), सर्व पोर्टे गिगाबिट आणि डब्ल्यूपीए 3 सुरक्षा एवढे पाहिले की 200च्या प्लॅनसाठी पुरे. वाय-फाय 7साठी जादा पैसे मोजण्याचे कारण आपल्या घरात मला दिसत नाही.

प्रश्न : कोपरखैरणेत सिडकोच्या घरात राहतो. दिवसा 100 एमबीपीएस मिळतात, रात्री नऊ ते अकरा मात्र केबल लावूनही 15-20च्या वर जात नाहीत. राउटर नवा घेतला, फरक नाही. गच्चीवरच्या डब्यातून घरात निळी केबल येते.
एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आपण केबलवर मोजलेत हे उत्तम केलेत, कारण त्यामुळे आपले वाय-फाय यातून निर्दोष सुटते. गच्चीवरचा डबा म्हणजे स्विच. त्यातून परिसरातील अनेक घरांना जोडण्या दिलेल्या असतात आणि त्यामागची लाइन सर्वांत वाटली जाते. ग्राहक वाढवले आणि मागची क्षमता वाढवली नाही, की रात्री, सगळे एकदम मालिका आणि क्रिकेट पाहू लागल्यावर, नेमके असेच होते. यावर राउटर काहीही करू शकत नाही. 24 तास वेग खराब असता, तर गच्चीवर उन्हापावसात पडलेल्या केबलचा गंजलेला प्लग किंवा 100 मीटरची मर्यादा ओलांडलेली केबल शोधायला सांगितले असते. दिवसा पूर्ण वेग मिळतो म्हणजे आपली केबल ठीक आहे.

आठवडाभर रोज एकाच वेळी केबलवर वेग मोजा, पडद्याची छायाचित्रे तारखेसह ठेवा आणि तक्रार तोंडी न करता कंपनीच्या अॅपवर किंवा ग्राहक केंद्रावर नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्या. लाइनमनला फोन केल्याने ओळख वाढते, नोंद होत नाही. मुदतीत निवारण झाले नाही, तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012च्या तक्रार निवारण विनियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल 39 दिवसांत लागणे अपेक्षित असते. सोसायटीतील दोन-चार शेजाऱ्यांनी आपापल्या क्रमांकांसह एकाच सुमारास तक्रारी नोंदवल्या, तर भार वाढल्याचे कंपनीला नाकारता येत नाही. दरम्यान, घरापर्यंत थेट फायबर आणणारा दुसरा पुरवठादार आपल्या सेक्टरमध्ये आहे का, याची चौकशी करा. मात्र पहिल्याच फटक्यात वर्षभराचे पैसे भरू नका, एक महिन्याचा प्लॅन घेऊन रात्रीचा वेग पाहा.

प्रश्न : वीज गेली की वाय-फाय जाते. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा का?
एक वाचक, ऐरोली

उत्तर : घरापर्यंत फायबर असेल तर अवश्य घ्यावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल, हे ध्यानात ठेवून दोन आउटपुट असलेला घ्या. दोन्हींच्या अॅडाप्टरवर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतील. बहुतेक डबे 12 व्होल्टचे असतात, तरी वाचल्याशिवाय जोडू नका. आपल्या घरी गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबल येत असेल, तर आधी त्या स्विचला बॅटरी आहे का ते पुरवठादाराला विचारा. नसेल, तर घरातल्या यूपीएसचा उपयोग होणार नाही.