शाळेच्या गच्चीवर बाग करायचीय, पैसे कुठून आणायचे?

ताई, लगेच कंपन्यांच्या मागे लागू नका, आधी मुख्याध्यापकांना विचारा की समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेमधून इको क्लबचा (मुलांच्या पर्यावरण गटाचा) निधी आलाय का, बऱ्याच ठिकाणी तो मार्चमध्ये घाईघाईत बॅनर छापण्यात जातो आणि मला ते बघून फार वाईट वाटतं. पालिकेची शाळा असेल तर पीएम पोषणमध्ये, म्हणजे शाळेतल्या जेवणाच्या योजनेत, परसबाग बसते, तेही बघा. मग सीएसआर, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात तो पैसा. 2013 च्या कंपनी कायद्यात शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही आहे, पण पैसे संस्थेमार्फत घ्यायचे तर संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागतेच.

बजेटमध्ये कुंड्या, माती, कोकोपीट सगळे लिहितात, मे महिना कोणी लिहीत नाही. आमची पहिली बाग तशीच गेली. जूनमध्ये शाळा उघडली तर वांग्याची रोपं काडीसारखी वाळलेली, आणि चौथीतली एक मुलगी ग्रो बॅगमधली माती बोटाने उकरून बघत होती की खाली काही हिरवं राहिलंय का. तेव्हापासून सुट्टीत पाणी घालणाऱ्या मावशींचं मानधन मी पहिल्या ओळीत टाकते. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही धरा. बियाणं पालकांकडे मागा, गावाहून आणून देतात.