हिवाळाभर घरची देशी भाजी : मेथी, वाल आणि भरताची वांगी

राम राम मंडळी. या आठवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन एकाच विषयाचे आहेत, दोन-तीन गुंठ्यात देशी भाजीपाला लावून होळीपर्यंत घर कसं चालवायचं, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

शहाद्याकडचे दादा म्हणतात घरात सहा माणसं, दिवाळीला मेथी-पालक एवढा निघतो की गल्लीत वाटावा लागतो आणि मग महिनाभर बाजारातून विकत. दादा, तुमचं बी चांगलं, जमीनही चांगली, फक्त सगळं एकाच दिवशी टाकू नका. छोटे सहा-सात वाफे पाडा आणि दर दहा-बारा दिवसांनी एकात मेथी टाका, जानेवारी संपेपर्यंत. मेथी २५-३० दिवसात काढणीला येते म्हणजे एक वाफा संपेपर्यंत दुसरा तयार, कडक थंडीत थोडे दिवस जास्त धरा. पालक उपटायचा नाही, दोन-तीन बोटं वरून विळ्याने कापायचा, परत फुटतो. धणे रगडून दोन फोडी करून पेरा. मुळा-गाजर वरंब्यावरच, आपल्या काळ्या भारी जमिनीत सपाट वाफ्यात मुळांना फाटे फुटतात. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कपाशीला लागून भाजीचा वाफा नको, वारा सुटला की कपाशीवरचा फवारा मेथीवर येतो आणि ती मेथी आपलीच लेकरं खातात.

अमळनेरच्या ताईंचा वाल मांडवभर पसरलाय पण फूल नाही, उपटू का विचारतात. अजिबात उपटू नका ताई! जुना देशी वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलतच नाही, पाऊस पडल्या पडल्या लावला तरी फुलणार दसरा-दिवाळीच्या सुमारासच. आता युरिया पूर्ण बंद करा, पाणी थोडं ताणून द्या, नाहीतर नुसता पाला वाढतो. फुलं आली की शेंड्यावर काळा मावा बसतो, तेवढेच शेंडे खुडून टाका, जास्त असेल तर अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळून १० लिटर पाणी करा आणि संध्याकाळी फवारा. पापडी कोवळी असतानाच तोडत राहा, वेलावर शेंगा जून झाल्या की नवीन फूल कमी होतं.

तिसरा प्रश्न सावद्याचा. भरताच्या वांग्याचं बी घरचंच धरतात पण यंदा काही झाडांना फळं लहान आणि जांभळट लागलीत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बामणोदच्या वांग्यासाठी लोक लांबून येतात, ते हिरवट पांढरं वाण आपल्या हातून बिघडायला नको. वांगं स्वतःच्या परागावर फळतं खरं, पण मधमाश्या-भुंगे थोडा परका पराग आणतातच, शेजारी संकरित वांगी असतील तर भेसळ होते. दुसरं म्हणजे आपण चांगली फळं खातो नाहीतर विकतो आणि शेवटी उरलेलं किरकोळ फळ बियाला सोडतो, वाण घसरतं ते इथेच. म्हणून आधी झाड निवडा, जोमदार, बोकड्या (पानं बारीक होऊन झुपका होतो तो रोग) नसलेलं, त्याला लाल चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की याला हात लावायचा नाही. कळी उमलायच्या आधी पातळ मलमलची पिशवी बांधा, फळ धरलं की काढा आणि देठाला दोरा बांधून ठेवा. खायचं वांगं चकचकीत असताना काढायचं, पण बियाचं झाडावरच पार पिवळं पडू द्या. मग चिरून पाण्यात चोळा, तळाशी बसलेलं भरीव बी घ्या, सावलीत खडखडीत वाळवा, पत्र्यावर उन्हात नको. राख मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. शेंडे मलूल होऊन वाकलेले दिसले तर आत अळी आहे, खालून कापून जाळून टाका, पोखरलेलं फळ बियाला धरू नका.

जांभळट फळांच्या झाडांचं बी यंदा अजिबात ठेवू नका दादा. भाऊबंदांत कुणाकडे जुनं बी असेल तर चमचाभर आणा, घरापुरतं तेवढं रग्गड होतं, आणि जूनमध्ये गादीवाफ्यावर रोप टाका.