किल्ल्यापुढे आठ जण, आणि फोटो काढणार कोण?

फोटो आणि कॅमेऱ्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना म्हापशातल्या एका स्टुडिओवाल्या बाईंची उत्तरं

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला चाललोय. मी, यजमान, आमची दोन मुलं (अकरा आणि सहा वर्षांची) आणि सासू-सासरे. न्यू जर्सीहून दीर-जाऊबाई येऊन मिळणार. राहायला पार्काजवळच्या किसिमीला घर भाड्याने घेतलंय. जाऊबाईंनी इन्स्टाग्रामवर ऑरलँडोची एक फोटोग्राफर शोधलीय. ती पार्कात आपल्याबरोबर फिरते आणि फोटो काढते म्हणे. पैसे तासावर, आणि डॉलरचे रुपये केले की छातीत धस्स होतं. यजमान म्हणतात, एवढा महागाचा मोबाइल घेतलाय तो कशाला? सासूबाईंची एकच अट, तिथल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यापुढे नऊवारीत फोटो. काय करावं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : वहिनी, मागच्या कुठल्याही सहलीचे फोटो मोबाइलवर उघडा आणि त्यात स्वतःला शोधा. मुलं सापडतील, सासू-सासरे सापडतील. तुम्ही एकतर नसालच, नाहीतर सेल्फीच्या कोपऱ्यात अर्धं कपाळ. चवथीनंतर माझ्या स्टुडिओत हेच चालतं. गणपतीवर फळं-भाज्या टांगलेल्या माटोळीखाली अख्खं घर उभं असलेला फोटो मोठा करायला येतो, मी विचारते, ‘थोरले कुठे दिसत नाहीत?’ उत्तर ठरलेलं : ‘ते काढत होते ना!’ मोबाइल लाखाचा असला तरी तो धरणारा हात घरचाच असेल, तर फोटोत एक जण कमी पडणारच. तेव्हा परक्या माणसाच्या हातात कॅमेरा द्यावा, याला माझा पाठिंबा आहे. कोणाच्या हातात, कुठे आणि किती वेळ, एवढंच ठरवायचं.

जाऊबाईंनी शोधलेल्या बाईंचं आधी बघू. पूर्वपरवानगीशिवाय धंद्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ काढायला डिस्नेच्या नियमांत मनाई आहे. मग या बाई काय करतात? तुमच्या-आमच्यासारखं तिकीट काढतात, कॅमेरा गळ्यात अडकवतात आणि घरच्याच असल्यासारख्या तुमच्यात मिसळतात. असं काम करणारे तिथे आहेत, आणि बऱ्याचदा कोणी हटकतही नाही. पण हटकलं तर? तुमचा तास गेला, पैसे गेले, आणि मुलांसमोर शोभा झाली ती वेगळीच. तेव्हा ‘आत अडवलं तर पैसे परत देणार का, आणि तुमचं पार्काचं तिकीट कोणी काढायचं?’ हे दोन प्रश्न त्यांना लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर नाद सोडा.

यात नियमाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पणजीच्या जुन्या फोंतेन्यस वाड्यात लोकांच्या पायऱ्यांवर प्री-वेडिंगवाले ठाण मांडून बसायला लागले, तेव्हा घरांवर ‘इथे फोटो काढू नयेत’ अशा पाट्या लागल्या. पर्रा गावच्या माडांच्या रस्त्यावर फोटो काढायचे तर पैसे भरा, असं २०१९मध्ये पंचायतीने ठरवलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला! पैसे घेणं मला पटलं नव्हतं, पण गावाचा वैताग कळत होता. डिस्ने तर खासगी जागा. तिथे त्यांचीच सत्ता.

आणि त्यांनी सोय केलेली आहे. पार्कात ठिकठिकाणी, किल्ल्यापुढे, मिकीच्या भेटीपाशी, त्यांचे स्वतःचे फोटोग्राफर उभे असतात. ‘फोटोपास’ म्हणतात त्याला. ते तुमचं कार्ड किंवा मनगटातला पट्टा स्कॅन करतात आणि फोटो तुमच्या खात्यात, ॲपवर येतात. सुटे फोटो महाग पडतात. त्यापेक्षा ‘मेमरी मेकर’ नावाचं पॅकेज घेतलं की हवे तेवढे फोटो उतरवून घेता येतात, काही राइडवर आपोआप निघणारे फोटोसुद्धा. घरच्यांची खाती एकमेकांना जोडलेली असली की एकाने घेतलेलं सगळ्यांना पुरतं, म्हणजे दिराने वेगळं घ्यायला नको. आगाऊ घेतलं तर स्वस्त, पण त्यात मेख आहे : आगाऊ दरात घेतल्यापासून पहिल्या तीन दिवसांत काढलेले फोटो त्यात धरत नाहीत. म्हणून गोव्यातून निघण्याआधीच घेऊन टाका. आणि काढल्यापासून ४५ दिवसांत फोटो उतरवले नाहीत, तर ते खात्यातून जातात. परत आल्यावर बॅगा उपसणं, मुलांच्या परीक्षा, यात दीड महिना कसा सरतो ते तुम्हाला सांगायला नको.

या फोटोग्राफरांची एक गंमत. तुमच्या धाकट्याला तो म्हणेल, ‘हात असा पसर, तळव्याकडे बघ.’ तो रिकाम्या तळव्याकडे बघेल, आणि संध्याकाळी फोटो उघडाल तेव्हा तळव्यावर टिंकर बेल परी उभी! हे मागून चिकटवलेलं असतं आणि माझ्यासारखीला त्यात कसब काही दिसत नाही, पण सहा वर्षांच्या पोराला दिसतं. सांगून ठेवू नका त्याला. या लोकांच्या हातात तुमचा मोबाइल दिला तर त्यावरही काढून देतात. पॅकेज नाही घेतलं तरी चालेल, असं यजमान म्हणतील ते यावरूनच. तेही चुकीचं नाही. फक्त रांगेमागे रांग आहे, तो माणूस तुमच्यासाठी दहा वेळा शटर दाबणार नाही. फक्त तुमच्यासाठी वेळ राखून फोटो काढून देण्याची ‘कॅप्चर युअर मोमेंट’ नावाची सोयही पार्काने काढलेली आहे. तुमच्या तारखांना ती मिळते का, ते त्यांच्या साइटवर बघा. मिळाली तर आत तेवढीच घ्या. सेल्फी स्टिक मात्र नेऊ नका, २०१५पासून बंदी आहे.

आता सासूबाईंची नऊवारी. चौदा वर्षं आणि वरच्यांनी पात्रांचे पोशाख घालून यायचं नाही असा तिथे नियम आहे, पण साडी म्हणजे पोशाख नव्हे, काळजी नको. काळजी आहे ती उन्हाची. डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कातल्या सिंड्रेला किल्ल्याचं तोंड दक्षिणेला. त्या दिवसांत दुपारचा सूर्यही दक्षिणेलाच. किल्ला पाठीशी घेऊन उभं राहिलं की ऊन थेट डोळ्यांत, आणि आठही जणांचे डोळे मिटलेले. सकाळी लवकर ऊन बाजूने येतं, चेहऱ्याला उठाव येतो, साडीचा काठ चमकतो आणि मागे माणसंही कमी. ती वेळ तुम्हाला फुकटात साधणार आहे. आपल्याकडच्या घड्याळापेक्षा तिकडचं साडेनऊ ते साडेदहा तास मागे, त्यामुळे पहिले काही दिवस मुलं पहाटे तीनलाच टक्क जागी असतील. किल्ल्याचा दिवस या सुरुवातीच्या दिवसांतच ठेवा. फोटो झाला की सासूबाईंना साधी साडी नाहीतर पंजाबी ड्रेस, नऊवारी प्रवेशद्वाराजवळच्या लॉकरमध्ये. दिवसभर ती नेसून चालायला लावलंत तर चौथ्या राइडला त्या तुमच्याशी बोलायच्या थांबतील. पायात बूटच असू देत. फोटो गुडघ्यापासून वर घ्यायला सांगा, झालं.

संध्याकाळचा फोटो ठरवत असाल तर एक लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे करतात. त्यानंतर ऑरलँडोत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या सवयीने सहाची वेळ घेतलीत तर अंधारात उभे राहाल.

आणि आता माझं खरं मत. जाऊबाईंनी शोधलेल्या त्या बाईंना पार्कात नेऊच नका. घरी बोलवा. किसिमीच्या त्या भाड्याच्या घरी, पार्काला जायचं नाही अशा एका सकाळी, एक तास. घरमालकाला एकदा विचारून घ्या. तिकिटाचा खर्च नाही, नियमाची भीती नाही, रांग नाही. दिवाळीचीच सकाळ साधता आली तर फारच छान. कारीट काही तिथे चिरडायला मिळणार नाही, पण फोव, म्हणजे पोहे, तर कराल? दुधातले, ताकातले, गुळा-खोबऱ्याचे. सासूबाई परक्या ओट्यापाशी उभ्या राहून कुठल्या डब्यात काय आहे ते शोधताहेत, सासरे त्या भल्यामोठ्या सोफ्यावर अवघडून बसलेत, मुलं नाइट ड्रेसमध्येच अंगणात पळताहेत. मग आतल्या खोलीत सासूबाई काष्टा मारताहेत आणि जाऊबाई खाली वाकून निऱ्या सारख्या करताहेत, दातांत सेफ्टी पिन. हा फोटो किल्ल्यापुढे कोणीही काढून देणार नाही. त्या अमेरिकन बाईंना ‘कॅमेऱ्याकडे बघा’ म्हणू नका असं आधीच सांगा. एक फोटो तेवढा सगळ्यांचा, ओळीने, नीट. भिंतीवर तोच लागतो.

पैसे देण्याआधी किती फोटो देणार, किती दिवसांत, मोठ्या आकारात छापता येतील असे देणार ना, हे मेलवर लिहून घ्या. हक्काचंही विचारा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक. अमेरिकेत उलटं, तिथे मालकी सहसा फोटोग्राफरची. तेव्हा ‘आम्ही हवे तसे छापू आणि आमच्या मुलांचे फोटो तुम्ही विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत’ ही दोन वाक्यं त्यांच्याकडून लिहून आलीच पाहिजेत.

प्रश्न : आम्ही चार कुटुंबं मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जाणार. साखळीचा एक ओळखीचा फोटोग्राफर ‘जेवण-खाण आणि तिकीट द्या, येतो’ म्हणतोय. न्यावा का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : नको. तो चांगला असेल, पण मे महिन्यात खोपोलीच्या उन्हात दिवसभर कॅमेरा घेऊन फिरायचं म्हणजे दुपारनंतर तो सावली शोधणार, आणि तुम्ही त्याला जेवलास का विचारत बसणार. मोठा कॅमेरा आत नेऊन पैशाने काम करायचं तर इथेही पार्काला आधी विचारावं लागेल, फोन करून बघा. त्यापेक्षा ते पैसे राखून ठेवा. रात्रीच्या कोकणकन्याने गेलात तर पनवेलला उतराल तेव्हा उजाडलेलंही नसेल आणि सगळ्यांचे चेहरे उशीसारखे चुरगळलेले. तोंडं धुऊन, चहा घेऊन, पार्काच्या दारात शिरताना एक फोटो. कोणाही दुसऱ्या कुटुंबाला सांगा, ‘तुमचा आम्ही काढतो, आमचा तुम्ही काढा.’ सोळा-सतरा माणसं असतील तर मोबाइल आडवा धरायला सांगा आणि मुलांना पुढे बसवा. नायट्रोसारख्या राइडवर मोबाइल हातात धरून व्हिडिओ काढायचा हट्ट कोणी करू नये. पडला तर खालच्या माणसाच्या डोक्यात पडतो. पाण्याच्या बाजूला जाताना प्लास्टिकची पाकिटं न्या, म्हापशाच्या बाजारात कुठेही मिळतात, पण घरी आधी आत कागदाचा तुकडा घालून बादलीत बुडवून बघा.

प्रश्न : मी पेडण्याचा. किनाऱ्यावर पर्यटक कुटुंबांचे फोटो काढतो. हरमलला ज्यांचं काम केलं ते नाशिकचे लोक आता म्हणतात, आमच्याबरोबर हाँगकाँग डिस्नेलँडला चल, विमानाचं भाडं आम्ही देऊ, वर मानधन. थोडा ॲडव्हान्सही दिलाय. आई म्हणते, अशी संधी परत यायची नाही.
– एक तरुण वाचक, पेडणे

उत्तर : आईला नमस्कार सांग. संधी फिरायची आहे, कामाची नाही, आणि मोपाच्या विमानतळावर पाऊल ठेवण्याआधी तुला हा फरक कळायला हवा. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, त्यावर १४ दिवसांपर्यंत फिरायला राहता येतं. पर्यटक म्हणून गेलेल्याने तिथे मोबदला घेऊन काम करायचं नसतं. तिकडच्या अधिकाऱ्याने बॅगेतल्या दोन कॅमेरा बॉडी आणि चार लेन्स बघून ‘कशासाठी आलास?’ विचारलं तर काय सांगणार? खोटं बोलायचं नाही, आणि खरं बोललास तर परत पाठवतील. पुढे दुसऱ्या कुठल्या देशाचा व्हिसा मागताना तेही लिहावं लागतं. शिवाय पार्काचा नियम वेगळा, वर फोंड्याच्या वहिनींना सांगितलाय तसलाच.

फुकट गेलास, पाहुणा म्हणून, आणि हौसेने चार फोटो काढलेस तर गोष्ट निराळी. पण मग मानधन इथे परत आल्यावर गुपचूप घेईन, असले डाव खेळू नकोस.

त्या लोकांना मात्र तू घालवू नकोस, चांगलं गिऱ्हाईक आहे. त्यांना सांग, तिथे पार्काचे फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडून काढून घ्या, स्वतःच्या मोबाइलवरही काढा. कुठल्या वेळी कुठे उभं राहायचं, मुलांच्या उंचीला बसून कसा काढायचा, हे तू त्यांना अर्धा तास व्हिडिओ कॉलवर शिकव आणि त्याचे पैसे घे. परत आल्यावर सगळे फोटो त्यांच्याकडून मागव, निवड कर, रंग सारखे कर आणि छापील अल्बम करून दे. हजारभर फोटोंतून साठ निवडून देणारा माणूस लोकांना खरंच हवा असतो, आणि ते काम तुला पेडण्यात बसून करता येईल. ॲडव्हान्स या कामात वळता करायला ते तयार असतील तर तसं लिहून घे. नसतील तर याच आठवड्यात परत कर.