थकलेल्या मनाने उपासनेला कसे जावे? : अतिदक्षता विभागातील एका परिचारिकेस उत्तर

ताई, सलाम. ज्या आठवड्यात विभागातील रुग्ण दगावतात आणि त्यांच्या नातेवाइकांना सावरण्याचे कामही आपल्यावरच येते, त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये गीते ओठांवर येतात पण आत काहीच हलत नाही, असे आपण लिहिले आहे. अशा मनाने उपासनेला बसणे हे ढोंग ठरेल काय, त्यापेक्षा घरीच मोबाइलवर उपासना पाहून विश्रांती घ्यावी काय, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की आपण अवश्य जावे, मात्र आजवर ज्या तयारीने जात आलात ती तयारी घरी ठेवून जावे.

आपल्या कामात अंगमेहनतीइतकीच मेहनत चेहरा सांभाळण्याची असते. स्वतःचे मन हललेले असताना समोरच्याला धीर द्यायचा, आणि एका खाटेवरचे दुःख दुसऱ्या खाटेपर्यंत नेऊ द्यायचे नाही. रविवारीही आपण हेच करता, असे आपल्या लिहिण्यावरून मला वाटते. आनंद वाटला पाहिजे म्हणून तो आणू पाहता, आणि तो येत नाही म्हणून स्वतःला दोष देता. उपासनेत भावना उत्पन्न करण्याची जबाबदारी उपासकावर टाकलेलीच नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. 42 व्या स्तोत्राचा कर्ता एके काळी लोकसमुदायाबरोबर देवाच्या घराकडे हर्षाने जात असे, आणि आता स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू इतका खिन्न का झालास. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्यात शेवटी आशेचे वळण येत नाही. ही दोन्ही स्तोत्रे कोरहाच्या वंशजांच्या नावावर आहेत, म्हणजे मंदिरात गाणे हेच ज्यांचे सेवाकार्य होते त्या घराण्याच्या. गायकांच्या घराण्यानेच हा कोरडेपणा देवासमोर मांडला आणि तो उपासनेच्या संग्रहात टिकला, तेव्हा आपल्या कोरडेपणाला ढोंग म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेचा जो ठरलेला क्रम आहे, त्याचा उपयोग अशाच दिवशी कळतो. पापांगीकाराच्या, म्हणजे पापे कबूल करण्याच्या, वेळी एक भेद मात्र जपावा. रुग्णावर आपण चिडून बोललो असू, तर ते पाप म्हणून कबूल करावे आणि क्षमेची घोषणा ऐकून तेथेच सोडावे. पण रुग्ण वाचला नाही, हे आपले पाप नव्हे. आपल्या व्यवसायातील माणसे या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतात, आणि ज्याची क्षमा मागण्याचे कारणच नाही त्याची क्षमा मिळाल्यासारखी वाटत नाही म्हणून ते गाठोडे तसेच घरी नेतात. त्या दुःखाची जागा मध्यस्थीच्या प्रार्थनेत आहे. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आजाऱ्यांसाठी आणि शोकग्रस्तांसाठी प्रार्थना करतात, तेव्हा त्या आठवड्यातील एकेक चेहरा मनात आणून देवाच्या स्वाधीन करावा. नाव उच्चारण्याची गरज नाही, आणि रुग्णांची गोपनीयता पाहता उच्चारूही नये. माझ्या अनुभवात मन हलके होण्यास सुरुवात बहुधा येथे होते, गीतांच्या वेळी नव्हे.

गीतांविषयी आणखी थोडे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या कवींनी पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांच्या शेजारी अभंग आणि भजने आणून ठेवली, याचे ऋण थकलेल्या माणसाने विशेष मानावे. भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, पेटी आणि झांजा सुरू असतात, कडवी इतर लोक म्हणतात, आणि आपण नुसते ध्रुपद धरले तरी चालते. तेही जमले नाही तर ऐकावे. कफर्णहूम येथे पक्षाघाती मनुष्याला चौघांनी छपरातून खाली सोडले, तेव्हा मार्काने आपल्या शुभवर्तमानात लिहिले आहे की येशूने त्या माणसांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाने काही म्हटल्याची नोंद तेथे नाही. आपला विश्वास थकला असता इतरांचा विश्वास आपल्याला उचलून नेतो, आणि घरी मोबाइलसमोर बसण्यापेक्षा मी मंडळीत बसण्याचा आग्रह धरतो तो यासाठीच. शिवाय प्रभुभोजनाची भाकर मोबाइलवरून हातात येत नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. मागच्या बाकावर बसावे. आपल्याकडे जी व्यक्ती जरा कर्तबगार दिसते, तिच्या गळ्यात संडेस्कूल, महिला मंडळ आणि गायनवृंद हे सारे एकदम पडते. आपण काही महिने यांतील काहीही घेऊ नये आणि तसे पाळकांना स्पष्ट सांगावे. आशीर्वादानंतर फार वेळ आवारात थांबू नये, कारण परिचारिका दिसली की कोणीतरी पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढतोच. मार्काच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना एकांती येऊन थोडा विसावा घेण्यास सांगतो, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि ते पोहोचण्यापूर्वीच लोक पायी धावत तेथे हजर होतात. आपल्याला हा उतारा समजावून सांगावा लागणार नाही.

विश्रांतीची जी इच्छा आपण व्यक्त केली आहे, ती मात्र मी हलकी मानत नाही. संदेष्टा एलीया जीव नकोसा होऊन रानात झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले, आणि त्यानंतरच तो देवाच्या पर्वताच्या, होरेबाच्या, वाटेला लागला. रात्रपाळी करून थेट सकाळच्या उपासनेला येऊ नये. झोपावे, आणि जवळपासच्या एखाद्या मंडळीत संध्याकाळची उपासना असल्यास तेथे जावे. झोपूनही थकवा उतरत नसेल, कामावर जाण्याच्या विचारानेच छाती भरून येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पाळकांशी बोलण्याबरोबरच डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटावे. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. अशी मदत घेतल्याने विश्वास उणा ठरत नाही.

ज्या रविवारी ड्युटी बदलून मिळत नाही, त्या आठवड्यात घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेला जावे. तेथे प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करण्याची रीत असते, म्हणून यजमानांना आदल्या दिवशीच कळवून ठेवावे की आज मी फक्त ऐकायला येत आहे, माझे नाव पुकारू नये.