घर शोधताना आधी विचारा: आपल्यात गाडी कोण चालवत नाही?

प्रश्न: आम्ही सॅन होजेजवळ भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार. नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे आणि त्याचं काम आता कायमचं घरूनच असणार आहे. इथे घर घेणं आमच्या आवाक्यातलं नाही. पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, शिकागो अशी नावं डोक्यात आहेत. मुलांना चालत शाळेत जाता यावं एवढी इच्छा आहे. सासूबाई भारतातून येतात तेव्हा सहा महिने अक्षरशः घरात कोंडल्यासारख्या होतात, ते तरी टळावं. लांबून वस्ती निवडायची कशी?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सासूबाईंबद्दलचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. घर शोधणारे दोघं सहसा तिशी-चाळिशीतले असतात, दोघांकडे लायसन्स असतं. त्यामुळे शाळेचं रेटिंग, बेडरूम किती, गॅरेज किती गाड्यांचं, इथेच चौकशी थांबते. त्या घरात दिवसभर राहणाऱ्या, पण गाडी न चालवणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. तुमच्या घरात अशी तीन माणसं आहेत. या तिघांना कुणालाही ‘सोडायला चल’ न म्हणता साध्या मंगळवारी काय काय करता यायला हवं, ते कागदावर लिहून काढा. शाळा, लायब्ररी, बाग, दूध-भाजी, औषधाचं दुकान, वाटेत टेकायला एखादं बाक. माझ्या मते घर निवडण्याचा पहिला निकष हा कागद असावा.

याच कारणासाठी ‘महाराष्ट्र मंडळाच्या जवळ घर हवं’ या आग्रहाला मी दुय्यम मानते. मंडळाचा कार्यक्रम महिन्यातून एखादा, रविवारची मराठी शाळा आणि देसी ग्रोसरी आठवड्यातून एकदा. तिथे गाडीने अर्धा-पाऊण तास गेला तरी चालतो. शाळा आणि बाग मात्र रोजची. रोजचं पायी, आठवड्याचं गाडीने, एवढी वाटणी जमली तरी पुष्कळ.

अमेरिकेत अख्खं शहर चालण्याजोगं असणं दुर्मीळ, पण प्रत्येक जुन्या शहरात अशा वस्त्या असतात. त्या ओळखायची एक सोपी खूण म्हणजे घरांच्या जाहिरातीत दिलेलं बांधकामाचं वर्ष. ज्या भागातली बहुतेक घरं १९४०च्या आधीची आहेत, तो भाग बहुधा ट्रामच्या मार्गालगत वाढलेला असतो. तेव्हा सगळ्यांकडे मोटार नव्हती, म्हणून घरापासून ट्रामच्या थांब्यापर्यंत चालता यायला हवं होतं आणि दुकानंही त्याच वाटेवर उभी राहिली. ट्राम बहुतेक ठिकाणी गेल्या, पण छोटे ब्लॉक, फुटपाथ आणि दुकानांच्या ओळी राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वसाहती मोटार धरूनच आखल्या गेल्या. तिथे मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे जायलाही मोठ्या रस्त्यावरून वळसा पडतो.

तुमच्या यादीतल्या शहरांपुरतं सांगायचं, तर क्लीव्हलंडच्या पश्चिमेला लागून असलेलं लेकवुड अवश्य पाहा. तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, स्वतःला ‘चालत जाणारं डिस्ट्रिक्ट’ म्हणवतं. सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या पिवळ्या बस नाहीतच, कारण शाळा वस्त्यांच्या आत आहेत. डेट्रॉइट आणि मॅडिसन हे दुकानांचे दोन रस्ते गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर जातात. पिट्सबर्गमध्ये स्क्विरल हिल आहे. फोर्ब्स आणि मरे या रस्त्यांच्या चौकातच कार्नेगी लायब्ररीची शाखा, आजूबाजूला दुकानं, एका बाजूला फ्रिक पार्क आणि दुसरीकडे शेनली पार्क. तिथला चढउतार मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा, नकाशात तो दिसत नाही. शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कला ग्रीन आणि ब्लू अशा दोन लोकल लाइन आहेत. तिथे घराच्या किमतीपेक्षा प्रॉपर्टी टॅक्स आधी बघायचा. त्याबद्दल पुढे लिहिते.

वॉक स्कोअर हा शून्य ते शंभर आकडा चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. दुकानं, शाळा, बागा किती जवळ आहेत हे तो सांगतो. वाटेत सहा लेनचा रस्ता ओलांडायचा आहे का, फुटपाथ मध्येच संपतो का, हे सांगत नाही. आणि जीव धोक्यात येतो तो नेमका तिथे. ट्रिपल ए या अमेरिकी मोटारचालक संघटनेच्या फाउंडेशनच्या २०११ च्या अभ्यासात ताशी २३ मैलांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता सरासरी १० टक्के निघाली, ४२ मैलांच्या धडकेत ५० टक्के. त्याच अभ्यासानुसार सत्तर वर्षांच्या माणसाला २५ मैलांच्या धडकेत जेवढा धोका, साधारण तेवढाच तीस वर्षांच्या माणसाला ३५ मैलांच्या धडकेत असतो. म्हणून घर ते शाळा आणि घर ते बाग या दोन वाटा गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर चौक-चौक करून बघा. सिग्नलवर रस्ता ओलांडायचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असं साधारण धरलेलं असतं. सासूबाईंची चाल तेवढी आहे का? नसेल, तर मधे थांबायला दुभाजक लागेल.

मग प्रत्यक्ष जा, आणि शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात सगळीच गावं छान दिसतात. बहुतेक शहरांत फुटपाथवरचा बर्फ काढायची जबाबदारी लगतच्या घरमालकाची असते, त्यामुळे बर्फ पडल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी फुटपाथ पाहिला की शेजार कसा आहे ते आपोआप कळतं. डिसेंबरात शिकागोला सूर्य साडेचारच्या आत मावळतो. संध्याकाळच्या अंधारात दुकानापर्यंत चालून या, दिवे किती अंतरावर आहेत ते बघा. आणि एक दुपार शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहा. पालकांच्या गाड्यांची रांगच रांग दिसते, की मुलांचे घोळके पायी निघतात? किती मुलांबरोबर मोठं माणूस नाही? मुलगी एकटी शाळेत जाईल की नाही याचं उत्तर मला तरी रेटिंगपेक्षा या फाटकावर जास्त खरं मिळतं. रेटिंगचा बराचसा भाग परीक्षेच्या गुणांवर असतो आणि ते गुण घराघरांतल्या उत्पन्नाबरोबर वर-खाली होतात. शाळा कोणत्या पत्त्याला लागू आहे, हे मात्र डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून खात्री करून घ्या. जाहिरातीत ते चुकीचं असू शकतं.

‘हा एरिया चांगला आहे का, कोण लोक राहतात?’ असं एजंटला विचारलंत तर तो बहुतेक टाळेल. त्यात त्याचा आडमुठेपणा नाही. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, मूळ देश पाहून कुणाला एखाद्या वस्तीकडे वळवायला किंवा तिथून परतवायला बंदी आहे. त्यापेक्षा बागेत झोपाळ्याजवळ उभ्या असलेल्या आई-आजींशी बोला. त्या मोकळेपणाने सांगतात.

आता पैशांचं. कॅलिफोर्नियात १९७८च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे प्रॉपर्टी टॅक्स मूल्याच्या साधारण एक टक्क्यात राहतो आणि ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. या हिशेबाची सवय घेऊन शिकागोच्या इलिनॉय राज्यात गेलात तर धक्का बसेल. तिथे दोन टक्के आणि त्याहून जास्तही सर्रास दिसतो. शिवाय जाहिरातीतल्या टॅक्सच्या आकड्यात आधीच्या मालकाची ज्येष्ठ नागरिकाची सवलत धरलेली असू शकते, ती तुम्हाला मिळणार नाही. पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत राहिलात तर राज्याच्या ३.०७ टक्के आयकराव्यतिरिक्त पगारावर आणखी ३ टक्के स्थानिक कर आहे. बऱ्याच उपनगरांत तो १ टक्का असतो. उलट बाजूही मांडा: ट्रिपल एच्या हिशेबाने नवी गाडी बाळगायचा खर्च वर्षाला सुमारे १२ हजार डॉलर आहे. दोघंही घरून काम करणार असाल आणि शाळा पायी असेल, तर दुसरी गाडी लागेलच असं नाही. वस्तीतलं थोडं महाग घर कधी कधी एवढ्यानेच परवडतं.

जुन्या वस्तीत घर म्हणजे जुनं घर, आणि तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे. घरांसाठी शिशाच्या रंगावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली, त्याआधीच्या घरात शिसं असल्याचं माहीत असेल तर विक्रेत्याने सांगावंच लागतं. पण ‘मला माहिती नाही’ हेही त्याला कायदेशीर उत्तर आहे, म्हणून तपासणी स्वतः करून घ्या. शिकागोत नळाच्या जोडणीसाठी शिशाचे पाइप १९८६पर्यंत घातले जात होते. पाण्याचा पाइप, जुनी वायरिंग आणि कॅमेरा घालून सांडपाण्याची लाइन, या तिन्हींची तपासणी होईपर्यंत सही करू नका. शक्य असेल तर पहिलं वर्ष त्याच वस्तीत भाड्याने राहा. मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं. एक हिवाळा काढला की कोणत्या गल्लीत घर घ्यायचं ते मुलंच सांगतील.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला फोन करा. घरून काम असलं तरी एच-१बी कामाच्या ठिकाणाला बांधलेला असतो. दुसऱ्या महानगर क्षेत्रात राहायला जायचं असेल तर जाण्याआधी कंपनीला सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. ग्रीन कार्डासाठी कंपनीला कामगार खात्याकडून घ्यावं लागणारं प्रमाणपत्र, म्हणजे पर्म, तेही ठिकाणावर अवलंबून असतं, म्हणून ते कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारून मगच तारीख ठरवा. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरायचा, आणि घरात नागरिक नसलेल्या प्रत्येकाचा वेगळा.