ओझरला विमानतळ आहे, तरी तुझी बदली तिथे होणार नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: घर नाशिकला सिडकोत, वडिलांना अर्धांगवायूचा झटका, आई एकटी, भावंडं नाहीत. तू एअरपोर्ट्स अथॉरिटीत हवाई वाहतूक नियंत्रणाची (एटीसी) ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, प्रयागराजचं ट्रेनिंग आटोपून अगरतळ्याला ओजेटीवर, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणावर, आणि पहिलं रेटिंग, म्हणजे एकटीने विमानं सांभाळायची परवानगी, अजून व्हायचंय. घरच्या अडचणीवरून नाशिकला बदली मागायची की सरळ राजीनामा द्यायचा? टॉवर आणि अप्रोच (विमानतळाच्या आसपासच्या विमानांचं नियंत्रण) दोन्हीकडे माझे केस पांढरे झालेत आणि असे अर्ज येताना-जाताना भरपूर पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वयाने लहान आहेस, तेव्हा अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी अर्जातून नाशिकचं नाव काढ. ओझरचा विमानतळ आपल्या खात्याचा नाहीच. तो एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा), १९६४ साली मिग लढाऊ विमानांच्या कारखान्यासोबत आलेला. धावपट्टी त्यांची, टॉवर त्यांचा, माइकवर बसणारी माणसंही त्यांच्याच पगारावर. गांधीनगरचा तळ लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा. म्हणजे शहराला दोन हवाई तळ, पण आपल्या खात्याची खुर्ची एकाही टॉवरमध्ये नाही. नातेवाइकांना हे कितीही समजावलं तरी पुढच्या लग्नात कोणीतरी विचारतंच, "ओझर मिगला लावून घे की!" २०२७ च्या सिंहस्थासाठी ओझर वाढवतायत म्हणून आता जागा निघतील, असंही कोणी सांगेल. धावपट्टी वाढली म्हणून मालक बदलत नाही. पुण्याचंही तसंच: लोहगावला टर्मिनल आपलं, विमानं उतरवतं हवाई दल.

मग जवळचं काय? शिर्डीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा असला तरी टॉवर आपल्याकडे आहे, आणि विमानतळाच्या काकडी गावाहून सिन्नरमार्गे नाशिक साधारण दोन तासांत येतं. मग चिकलठाणा, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, मग जळगाव आणि मुंबई. पसंतीक्रम याच क्रमाने लिही. मुंबई शेवटी का? तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, आणि तिच्यावर देशातली जवळजवळ सगळ्यात दाट वाहतूक. लहान स्टेशनवरून अर्धवट शिकून आलेल्या पोरीला तिथे रेटिंग काढायला किती घाम गाळावा लागतो ते मी जवळून बघितलंय. वर घरी वडील आजारी. तरी मुंबई यादीतून काढू नकोस. तिथे माणसं कायम लागतात, आणि नाईट ड्यूटीनंतरच्या सुट्टीला जोडून कसारा घाट चढता येतो. फक्त रात्रभर वडिलांजवळ जागून सकाळच्या गाडीने थेट चॅनेलवर (विमानांशी बोलायच्या जागेवर) जाऊन बसायचं नाही. दोन ड्यूटींमधली विश्रांती कागदावर भरण्यासाठी ठेवलेली नाही.

आता खरा मुद्दा. रेटिंग नसलेली ट्रेनी कुठल्याही स्टेशनला मदत नसते, बोजा असते. कडू लागेल, पण दिल्लीत फाइल बघणारा माणूस हाच हिशेब करतो. तू मागे वळून बघ: तुझ्या खुर्चीमागे एक इन्स्ट्रक्टर दुसरा हेडसेट लावून बसलेला असतो, तुझी स्ट्रिप (विमानाची नोंदपट्टी) त्याच्याही नजरेखाली असते, आणि तू चुकलीस की तो माइक ओढून घेतो. म्हणजे तू एका चॅनेलवर दोन माणसं अडवतेस. शिर्डीसारख्या छोट्या स्टेशनला असा माणूस मोकळा करणं परवडत नाही. रेटिंग त्या त्या युनिटपुरतंच असतं, त्यामुळे अगरतळ्याचं शिर्डीला जसंच्या तसं चालणार नाही, हे खरं. पण एक रेटिंग घेऊन गेलीस तर हातात स्टुडंट लायसन्सऐवजी कंट्रोलरचं लायसन्स असतं, आणि नव्या जागी तुला फक्त तिथली हद्द, तिथल्या पद्धती शिकायच्या उरतात. माझं स्पष्ट मत: अर्ज आजच दे, पण त्यात "रेटिंग झाल्यानंतर विचार व्हावा" असं स्वतःहून लिही. तारीख आजची लागते, आणि वाचणाऱ्याला कळतं की ही पोरगी पळ काढत नाहीये.

वडिलांसाठी आत्ता, या महिन्यात घरी असायला हवं, ती गोष्ट वेगळी. त्याला बदली नाही, रजा लागते. बदलीची फाइल महिनोन्महिने फिरते. तू ईशान्य विभागात, मागतेस पश्चिम विभागात, म्हणजे निर्णय गुवाहाटीतही नाही आणि मुंबईतही नाही, थेट दिल्लीच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात. रजेवर जाताना ओजेटी थांबवल्याची नोंद लेखी करून घे. हे फार जण विसरतात. नाहीतर मधला काळ "प्रगती नाही" म्हणून चिकटतो आणि पुढे मूल्यांकनात तेच पान उघडलं जातं. आणि ज्या दिवशी रात्रभर फोनवर हॉस्पिटलशी बोलली असशील, त्या दिवशी वॉच सुपरवायझरला (पाळीच्या प्रमुखाला) सरळ सांग की आज चॅनेलवर बसायच्या स्थितीत नाही. यात कमीपणा नाही. न सांगता बसलीस तर मात्र आहे.

अर्जात रडगाणं नको. वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हा येतो: वडिलांना अगरतळ्याला का नेत नाही? तिथेही मेडिकल कॉलेज आहे. याचं उत्तर तू दिलं नाहीस तर तो स्वतःच देईल आणि फाइल बंद करेल. म्हणून न्यूरॉलॉजिस्टचं पत्र घे: उपचार कोणते, फिजिओथेरपी आठवड्यातून किती वेळा, एवढा प्रवास झेपेल का. भावंडं नाहीत हे शपथपत्रावर दे. वडील सर्व्हिस रेकॉर्डमध्ये अवलंबित म्हणून दाखवलेत का ते आजच बघ, कारण कित्येकांनी नोकरी लागताना तो रकाना कोराच सोडलेला असतो.

एक कागद आणखी. झटक्याने हातपाय कायमचे अधू राहिले तर नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) काढता येईल. प्रकृती स्थिर झाल्याशिवाय ते मिळत नाही, पण चौकशी आतापासून कर. केंद्राच्या कार्मिक खात्याचा ८ ऑक्टोबर २०१८ चा आदेश अपंग आईवडिलांचा मुख्य सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फेरबदलीतून सूट देतो. नीट वाच हं. तो तुला जिथे आहेस तिथून हलवू नका म्हणतो, हवं तिथे आणून बसवा म्हणत नाही, आणि तेही प्रशासकीय अडचणी सांभाळून. शिवाय केंद्र सरकारचा आदेश आपल्या खात्याला जसाच्या तसा लागू आहे असं गृहीत धरू नकोस. आपलं बदली धोरण वेगळं आहे, दाखला त्याचाच दे आणि या आदेशाचा उल्लेख जोडीला कर. बदली हा नोकरीचाच भाग आहे आणि मार्गदर्शक सूचनांमधून हक्क निर्माण होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ साली एस. एल. अब्बास प्रकरणात सांगून ठेवलंय. तेव्हा कोर्टाची भाषा अर्जात तर नकोच, एवढ्यात डोक्यातही नको.

तुझे मामा खासदारांचं पत्र आणतो म्हणालेत ना? हात जोडून नको म्हण. बाहेरचं वजन आणणं आपल्या आचारनियमात गैरवर्तन ठरतं, आणि फाइलला लागलेलं असं पत्र तुझ्याच विरुद्ध जातं. त्यापेक्षा एटीसी गिल्डच्या, म्हणजे आपल्या कंट्रोलरांच्या संघटनेच्या, स्थानिक पदाधिकाऱ्याला भेट. शिर्डी किंवा संभाजीनगरहून कोणाला पूर्वेकडे घरी जायचंय का, हे त्या लोकांना आधी कळतं, आणि अदलाबदलीचे दोन अर्ज एकत्र गेले की ऑफिसचं अर्धं काम होतं.

राजीनाम्याचं म्हणशील तर आधी तुझा बाँड (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार) काढून रक्कम आणि मुदत बघ, आणि हमी कोणाची घेतलीय तेही. बहुतेक घरांत ती सही वडिलांची किंवा काकांची असते, आणि वसुलीची नोटीस त्यांच्याच पत्त्यावर येते. वर्षभर तरी तो विषय काढू नकोस.

बदली स्वतःच्या विनंतीवरून झाली तर सामान हलवण्याचा भत्ता मिळत नाही, तो खर्च धरून चाल. अर्ज स्टेशन इनचार्जमार्फतच पाठव, तोंडी भेट आधी, कागद नंतर. पोच घे, आवक क्रमांक लिहून ठेव, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच क्रमांकाचा हवाला देऊन एक ओळीचं स्मरणपत्र दे, नव्या वैद्यकीय कागदासह.