‘मंकी आयलंड’ हा कॉम्प्युटर गेम खेळायला घेतोयस तर

आधी १९९० चा पहिला भाग, मग १९९१ चा दुसरा. २०२२ चा ‘रिटर्न’ दुसऱ्याच्या शेवटालाच जोडलाय, तिथनं सुरुवात केलीस तर मजाच गेली. जुनी फाईल असली तर स्कमव्हीएम टाक, म्हणजे जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर. आणि एफ५ दाबून सेव्ह करत जा बाबा, पावसाळ्यात खानापुरात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

पहिल्या भागातली तलवारबाजी टोमण्यांनी जिंकायची असते, म्हणून आधी मुद्दाम हर. समोरच्याचा टोमणा ऐकायचा, तोच दुसऱ्याला मारायचा, त्याचं उत्तर उचलायचं. तलवारीच्या मास्तरीणबाईंचे टोमणे वेगळे, पण उत्तरं हीच चालतात.

दुसऱ्या भागातलं एकच कोडं फोडून सांगतो, कारण त्यात आपली चूक नाही. मेट्रोनोमवर (टिकटिक करून ताल धरणारं यंत्र) केळं लावायचं, पियानो वाजवणारं माकड गुंगतंय, ते उचलून धबधब्याच्या पंपाला लावायचं. का? तर इंग्रजीत एका पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात! आमच्या गॅरेजात मिस्त्री नुसतं “पाना दे की रे” म्हणतोय, माकड कुठनं सुचणार? माझा आठवडा गेला त्यात. बाकीची कोडी मात्र विचारू नकोस, मी सांगणार नाही.